मुलांच्या गोष्टी संपादकाकडे पाठवताना पत्रात काय लिहायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, ताई. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही नाशिकरोडला राहता, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवता आणि गेल्या दोन वर्षांत मुलांसाठी बारा गोष्टी लिहिल्यात. पाच प्रकाशकांना एकच पत्र आणि बाराही गोष्टींची पीडीएफ पाठवलीत. एकाकडून ‘साभार परत’ आलं. दुसऱ्यानं फोन करून सांगितलं की पुस्तक काढू, पण खर्च तुमचा. उरलेल्या तिघांनी काहीच कळवलं नाही. आता तुम्ही विचारताय की इंग्रजी लेखकांना असतो तसा एजंट मराठीत मिळतो का, आणि नसेल तर पत्राचा एखादा नमुना मिळेल का. पत्राच्या पहिल्या चार ओळी आणि पुराच्या गोष्टीबद्दलची तीन वाक्यं तुम्ही दिलीत हे फार बरं केलंत. नाहीतर मलाही हवेतच बोलावं लागलं असतं.

माझ्याबद्दल एवढंच की गेली सतरा वर्षं मी मुलांच्या पुस्तकांची हस्तलिखितं वाचते. काम पुण्याच्या एका प्रकाशनाचं, बसते मात्र इथेच, इंदिरानगरला घरी. पूर्वी कुरिअरनं जाडजूड पाकिटं यायची, आता सगळं मेलवर. त्याआधी मी स्वतः लिहून पाठवत होते आणि साभार परतीची पत्रं फाइलला लावत होते, त्यामुळे दोन्हीकडचं दुखणं मला माहीत आहे. तरी मी सांगते ती माझी पद्धत. दुसऱ्या संपादकाची वेगळी असेल. आधी कुणाला वेळ आहे, यंदाची यादी भरली का, मागच्या वर्षी तशीच गोष्ट काढली होती का, हे पत्र लिहिणाऱ्याच्या हातात कधीच नसतं.

एजंटचं आधी उरकून टाकते. मराठीत हा व्यवसाय रुजलेला नाही आणि कारण साध्या हिशोबात आहे. एजंट लेखकाच्या मानधनातून आपला वाटा घेतो, साधारण १५ टक्के, परदेशी हक्क विकले तर २०. आपल्याकडे मुलांच्या पुस्तकाची आवृत्ती बरेचदा हजार प्रतींची. किंमत १०० रुपये आणि मानधन १० टक्के धरा. सगळ्या प्रती खपल्या तर तुम्हाला मिळणार १०,००० आणि एजंटला १,५००, तेही दोन-तीन वर्षांत. एवढ्यासाठी तुमची फाइल घेऊन प्रकाशकांचे उंबरे कोण झिजवेल? म्हणून इथे संपादकाला थेटच लिहायचं. कुणी ‘मी मराठीतला एजंट, आधी वाचनाची फी भरा’ म्हणालं तर फोन ठेवून द्या. पुस्तक विकलं गेलं तरच एजंटला पैसे, ही त्या धंद्याची जुनी रीत आहे.

इंग्रजीत लिहिणार असाल तर वेगळं. भारतात इंग्रजीसाठी मोजके एजंट आहेत. अमेरिकेत आणि इंग्लंडात तर बहुतेक मोठी प्रकाशनं एजंटशिवाय आलेलं हस्तलिखित उघडतच नाहीत, म्हणून तिकडे आधी एजंटला पत्र जातं. त्यालाच क्वेरी लेटर म्हणतात. एका पानाचं, अडीचशे-साडेतीनशे शब्दांचं. चित्रपुस्तक असेल तर मजकूर मेलमध्येच पत्राखाली जोडायचा. मोठं पुस्तक असेल तर अमेरिकेत सुरुवातीची काही पानं, इंग्लंडात साधारण पहिली तीन प्रकरणं आणि सारांश. आपल्या पुस्तकाच्या जवळची, अलीकडच्या काही वर्षांतली दोन पुस्तकं सांगायची. यातली शिस्त आपणही उचलावी, साचा मात्र जसाच्या तसा उचलू नये. तिकडचे नमुने समोर ठेवून लिहिलेली पत्रं आता मराठीतही येतात आणि पहिल्याच ओळीत ‘काय होईल, जर एका मुलीला एका रात्रीत अख्खं गाव वाचवावं लागलं?’ असा सिनेमाचा ट्रेलर सुरू होतो. मला तरी तिथेच परकं वाटतं. आपल्याकडचा संपादक पत्र पत्रासारखंच वाचतो.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही नमुना मागताय, पण मला अडचण नमुन्याची वाटत नाही. तुमच्या पत्राची सुरुवात अशी आहे: ‘माननीय संपादक महोदय, सादर प्रणाम. आजची पिढी मोबाइलच्या आहारी गेलेली असताना मुलांवर चांगले संस्कार व्हावेत या हेतूने मी बारा बालकथा लिहिल्या आहेत. या कथांमधून मनोरंजनाबरोबरच प्रबोधनही होते. माझ्या वर्गातील मुलांना त्या अतिशय आवडल्या आहेत.’

यात चूक काही नाही. भाषा शुद्ध आहे, नम्र आहे. पण या चार ओळी कुठल्याही पुस्तकाला चालतील. सशाच्या गोष्टींना चालतील, शिवकालीन कथांना चालतील, पर्यावरणाच्या कवितांना चालतील. मला एका महिन्यात अशी दहा-बारा पत्रं येतात आणि खरं सांगायचं तर ‘संस्कार’ शब्द दिसला की माझी नजर आपोआप खाली, जोडलेल्या फाइलच्या नावाकडे जाते. तिथे ‘बालकथा फायनल २’ असं असतं. नमनालाच घडाभर तेल गेलं, आणि नाटक कोणतं ते अजून कळलेलं नाही.

संस्कारांचं नाव काढलं की साने गुरुजींचा दाखला येतो. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं, म्हणजे आपला तर हक्कच. पण त्यातलं आठवून बघा. आपल्याला आठवतो तो पोहायला घाबरून लपून बसलेला पोरगा आणि शिमटी घेऊन त्याला विहिरीकडे पिटाळणारी आई. आधी प्रसंग आठवतो, संस्कार त्याच्या मागून येतो. पत्रातही प्रसंगच पुढे यायला हवा. आणि तो आणता येत नसेल, बाराही गोष्टींना पुरेल असं मोघम वाक्यच सुचत असेल, तर बहुतेक वेळा अडलेलं पत्र नसतं, पुस्तक असतं. हे मी टोचून म्हणत नाही. माझं स्वतःचं तसंच झालं होतं, ते पुढे सांगते.

तुमच्या बारा गोष्टींची यादी बघितली. कावळ्या-चिमणीची गोष्ट चार वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायची आहे. मोबाइलच्या नादावरची सातवीतल्या मुलासाठी आहे. मधे एक विज्ञानकथा. हा संग्रह नेमका कोणत्या मुलाच्या हातात द्यायचा? मोठ्यांच्या कथासंग्रहात असा चिवडा खपतो, मुलांच्या पुस्तकात नाही, कारण चार वर्षांचं मूल आणि बारा वर्षांचं मूल एका कपाटासमोर उभंच राहत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की बारा गोष्टी पाठवू नका, एक पाठवा. आणि ती पुराची पाठवा.

पुराच्या गोष्टीबद्दल तुम्ही लिहिलंय: ‘रामकुंडावर फुलं विकणाऱ्या आजी-नातीची गोष्ट आहे. पूर येत असताना मांजरीची पिल्लं वाचवण्यासाठी नात आजीशी खोटं बोलते, मग पुढे सगळं ठीक होतं. पण खोटं बोलणं दाखवलं आहे म्हणून ही गोष्ट पत्रात पुढे आणावी का, अशी शंका वाटते.’

ताई, ताकाला जाऊन भांडं का लपवताय? तुमच्या अख्ख्या प्रश्नात मी ज्या वाक्यावर थांबले ते हेच. नात खोटं बोलते. का बोलते, हे लगेच कळतं. तिचं चुकतंय हेही कळतं आणि तरी आपण तिच्या बाजूचे होतो. संपादकाला फाइल उघडायला लावायला एवढं पुष्कळ झालं. तेच तुम्ही लाजून मागे ठेवलंत आणि पुढे केलं मोबाइलचं व्यसन.

या गोष्टीचं पत्र मी लिहिलं असतं तर साधारण असं. यातले काही तपशील मी माझ्या मनाचे घातलेत, तुमच्या गोष्टीत असतील ते ठेवा. दुतोंड्या मारुती, म्हणजे गोदावरीच्या पात्रातली ती उंच मूर्ती, मात्र असणारच असं धरून चालले. गंगेला पाणी आलं की ‘मारुतीच्या कुठवर आलं?’ हे न विचारणारा नाशिककर मला अजून भेटायचा आहे.

मेलचा विषय: चित्रकथा, ‘मारुतीच्या गुडघ्यापर्यंत’, वय ६ ते ८, सुमारे ७०० शब्द.

‘सप्रेम नमस्कार. सात वर्षांची मुक्ता आणि तिची आजी नाशिकला रामकुंडाजवळ फुलं आणि नारळ विकतात. पावसाळ्यात त्यांचा एकच नियम आहे: पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की टपरी उचलायची. आजीला आता लांबचं दिसत नाही, म्हणून मारुतीवर लक्ष ठेवायचं काम मुक्ताचं. एका दुपारी गंगापूर धरणातून पाणी सोडतात. ते मारुतीच्या घोट्याला लागतं, मग पोटरीला. तेवढ्यात मुक्ताला टपरीखाली मांजरीची तीन पिल्लं दिसतात. टपरी हलवली तर पिल्लं उघड्यावर पडणार. “कुठवर आलं गं?” आजी विचारते आणि मुक्ता पहिल्यांदाच तिच्याशी खोटं बोलते.

‘ही चित्रकथा स्वतः वाचू लागलेल्या मुलांसाठी आहे. २४ पानांत बसेल असा अंदाज आहे. पूर्ण मजकूर सोबत जोडला आहे. चित्रं काढलेली नाहीत.

‘तुमची चित्रपुस्तकं माझ्या वर्गातली मुलं वाचतात. त्यांत पावसाची पुस्तकं आहेत, पण भर शहरातल्या, बाजारात शिरणाऱ्या पुराचं दिसलं नाही, म्हणून तुमच्याकडे पाठवावंसं वाटलं.

‘मी बारा वर्षं जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. लहानपण पंचवटीत गेलं. २००८ चा पूर आमच्या गच्चीवरून पाहिला आहे. हे पुस्तक माझं पहिलंच असेल. ही कथा सध्या आणखी एका प्रकाशनाकडे विचारार्थ पाठवली आहे. तिकडून काही ठरलं तर लगेच कळवीन.’

खाली नाव, गाव, फोन. संपलं.

बघा, यात शेवट सांगितलेला नाही. चित्रकथेचा मजकूर खालीच जोडलेला असतो, संपादक दोन मिनिटांत शेवटापर्यंत पोचतो, म्हणून पत्रात अडचणीपाशी थांबलं तरी चालतं. कादंबरिका असेल तर मात्र वेगळा एक पानी सारांश द्यायचा आणि त्यात शेवट स्पष्ट सांगायचा. तिथे ‘पुढे काय होतं ते पुस्तकातच वाचा’ असं लिहिणारे लेखक असतात. मला ते वाचून रागही येतो आणि हसूही. अहो, मी गिऱ्हाईक नाही. पुस्तक विकायचं आपल्याला दोघांना मिळून आहे.

दुसरं म्हणजे ‘भूतदया’, ‘प्रामाणिकपणा’, ‘आजी-नातीचं हृद्य नातं’ यातलं काही मी लिहिलं नाही. ते वाचणाऱ्याला कळतंच. त्याऐवजी घोटा, पोटरी, गुडघा लिहिलं. पाणी चढतं कसं ते मुलाला स्वतःच्या पायावर मोजता येतं, आणि चित्रकाराला तर पानामागून पान मिळतं. संपादक वाचता वाचता मनात पानं मांडत असतो. त्याला ती दिसू लागली पाहिजेत.

वय आणि शब्दसंख्या यावर थोडं. ‘वयोगट ४ ते १४’ असं लिहू नका. त्याचा अर्थ ‘मी ठरवलेलं नाही’ असाच होतो. अंदाज हवा असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवरच्या वाचनाच्या पायऱ्या बघा. तिथे पहिल्या पायरीच्या गोष्टी साधारण २५० शब्दांच्या आत असतात, दुसऱ्या पायरीच्या ६०० पर्यंत, तिसऱ्या १,५०० पर्यंत. परदेशी चित्रपुस्तकं तर बरेचदा ५०० शब्दांतच आटपतात. आपल्याकडे एवढं काटेकोर कुणी मोजत नाही, पण चार वर्षांच्या मुलासाठी म्हणून २,००० शब्द आले की मी समजते, लेखकानं अजून मोठ्यानं वाचून पाहिलेलं नाही.

पानांचाही हिशोब असतो. छापताना कागद दुमडून फॉर्म होतात, म्हणून पुस्तक १६, २४, ३२ अशा पानांचं निघतं. तुम्ही मजकूर पानांत तोडून पाठवायलाच हवा असं नाही, पण एकदा घरी तोडून बघा. कोरे कागद दुमडा, २४ पानांची वही करा, शीर्षक आणि श्रेयनामाची पानं सोडा आणि उरलेल्या पानांवर गोष्ट पेन्सिलनं मांडा. तीन पानं सलग आजी नुसती बोलतेय असं दिसलं तर चित्रकार त्या तीन पानांवर काय काढणार, हा प्रश्न तुम्हालाच पडेल.

तुम्ही पहिली-दुसरीला शिकवता म्हणून एक खास गोष्ट. मूल स्वतः वाचणार असेल तर जोडाक्षरं किती आहेत, वाक्यं किती लांब आहेत, याकडे तुमच्याइतकं बारकाईनं कुणी बघत नाही. ‘दुसरीच्या मुलांना अडलेले शब्द बदलले आहेत’ असं एक वाक्य तुमच्या पत्रात आलं तर मला त्याचं फार मोल वाटेल. ‘मुलांना अतिशय आवडली’ याचं मात्र शून्य. बाईंची गोष्ट वर्गाला आवडतेच. त्याऐवजी नेमकं काही घडलं असेल तर लिहा. मागे एका गुरुजींनी पत्रात लिहिलं होतं की सातव्या पानावर मुलं दर वेळी हसतात, ते तिथे का हसतात मला अजून कळलेलं नाही. मी ती फाइल त्याच मिनिटाला उघडली.

चित्रांबद्दल सगळ्यांचाच गैरसमज असतो. भाच्याकडून, शेजारच्या कलाशिक्षकाकडून चित्रं काढून घेऊन पाठवू नका. चित्रकार प्रकाशक निवडतो आणि त्याचं मानधनही तोच देतो. मजकूर चांगला आणि चित्रं कच्ची अशी जोडी आली की नकार द्यायला कारण आयतंच मिळतं. तुम्ही स्वतः चित्रकार असाल तर अर्थातच पाठवा, दोन-तीन पूर्ण चित्रं आणि बाकीची कच्ची रेखाटनं. नसाल तर ‘चित्रं काढलेली नाहीत’ एवढं पुरे. मजकुरात न लिहिलेली पण चित्रात दिसायलाच हवी अशी गोष्ट असेल तर तेवढीच टीप द्या.

आता माझी फजिती. मी पहिलं हस्तलिखित पाठवलं तेव्हा पत्र तीन पानांचं लिहिलं होतं, फुलस्केप, दोन्ही बाजूंनी. बालसाहित्याची आजची अवस्था, वाचनसंस्कृती, माझ्या आजोबांचा ग्रंथसंग्रह, सगळं होतं त्यात. महिन्याभरानं उत्तर आलं, पोस्टकार्डावर, एका ओळीचं: ‘तुमची गोष्ट कोणत्या पानावर सुरू होते?’ मला वाटलं, पत्राबद्दलच टोमणा मारलाय. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग चिडून हस्तलिखित उघडलं आणि बघते तर तिथेही गोष्ट नवव्या पानावर सुरू होत होती. आधीची आठ पानं वाड्याचं वर्णन. पत्र आणि पुस्तक एकाच हातानं लिहिलेलं, खोड तीच. आठ पानं काढली, पत्र एका पानाचं केलं. त्या संपादकांनीही ते घेतलं नाहीच, पण दुसरीकडे लागलं. ते पोस्टकार्ड अजून आहे माझ्याकडे.

कुणाला पाठवायचं याला मी पत्राइतकाच वेळ देते. आपल्या सार्वजनिक वाचनालयात किंवा एखाद्या चांगल्या दुकानात मुलांच्या कपाटासमोर तासभर बसा. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं बघा, तूलिकाची मराठीतली पुस्तकं बघा, नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली बघा. कोण चित्रपुस्तकं काढतं, कोण फक्त मोठ्या मुलांच्या कादंबऱ्या, हे आतून चाळूनच कळतं. तुमच्या पाच प्रकाशकांपैकी दोघे तर मुख्यतः स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढतात, ताई. त्यांच्या मौनाचं फार मनाला लावून घेऊ नका. श्रेयनामाच्या पानावर संपादकाचं नाव असेल तर त्याच नावानं पत्र लिहा. नुसतं ‘महोदय’ लिहिलंत की माझ्यासारखीला आधीच वाटतं, हे सगळ्यांना गेलेलं आहे.

आणि मासिकं विसरू नका. पुस्तकाआधी एखाद-दोन गोष्टी मासिकात येणं हा मराठीतला जुना आणि चांगला रस्ता आहे. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला आहेत, ते चाळले तरी कोणत्या वयाला काय चालतं याचं शिक्षण होतं. धाकट्या मुलांसाठी ‘चिकूपिकू’, जरा मोठ्या मुलांसाठी ‘वयम्’. तुमची कावळ्या-चिमणीची गोष्ट पुस्तकापेक्षा तिथे जास्त शोभेल. दिवाळी अंकासाठी पाठवायचं असेल तर पावसाळा सुरू होतानाच पाठवा, गणपती उठेपर्यंत पानं भरलेली असतात. स्टोरीवीव्हरवर स्वतःची गोष्ट टाकता येते, पण तिथलं साहित्य खुल्या परवान्याखाली असतं. तुमचं नाव देऊन ते कुणीही भाषांतरित करू शकतं, छापू शकतं. मला ती कल्पना आवडते. पण जी गोष्ट प्रकाशकाला द्यायचीय ती आधी तिथे टाकू नका.

तांत्रिक बाबी पटकन सांगते. मजकूर युनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये. जुन्या फॉन्टमधली फाइल आमच्याकडे उघडली की नुसत्या रेघोट्या दिसतात. फाइलला गोष्टीचं आणि तुमचं नाव द्या. वहीच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो नकोत. व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नको, आधी कुणी मागितल्याशिवाय. माझ्या ओळखीच्या एका संपादकांना सकाळी साडेसहाला ‘सुप्रभात’च्या फुलाखाली अख्खी बालकादंबरी आली होती.

पाठवल्यावर दोन-तीन महिने थांबा, मग दोन ओळींचं आठवणीचं मेल करा. तेही वाया गेलं तर पुढच्याकडे वळा. एकाच वेळी दोघा-तिघांना पाठवलं तर चालतं, फक्त तसं पत्रात सांगा. ‘साभार परत’ बरोबर एखादं वाक्य आलं असेल, ‘शेवट घाईत वाटला’ वगैरे, तर ते जपून ठेवा. छापील नकाराखाली हातानं एक ओळ लिहायला माणसाला वेळ काढावा लागतो. तुमच्या नकारात तसं काही होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

खर्च मागणाऱ्या प्रकाशकाबद्दल. यात फसवणूकच असते असं नाही. स्वखर्चानं पुस्तक काढणं मराठीत पूर्वापार चालत आलंय आणि चांगली पुस्तकंही तशी निघाली आहेत. पण मग तुम्ही लेखक नाही, गिऱ्हाईक आहात, आणि गिऱ्हाईकासारखंच विचारा: किती प्रती, कागद कोणता, चित्रकाराचे पैसे कोण देणार, विक्री कोण करणार, उरलेल्या प्रती कुणाच्या घरी? माझ्या माहितीतल्या एकीच्या दिवाणखाली अजून सहाशे प्रती आहेत. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्यात बालवाङ्मयही बसतं. ती आधी बघा.

कुणीही पुस्तक घेतलं तरी करार लेखी हवा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातल्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क दिल्याचं लेखी आणि सहीनिशी नसेल तर ते देणं ग्राह्यच नाही. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं कुणी समोर ठेवलं तर सही करण्याआधी भाषांतर, ध्वनिपुस्तक आणि चित्रपट यांचं काय, ते विचारा. गोष्ट चोरीला जाईल या भीतीनं नोंदणी करूनच पाठवायला हवी असं मात्र नाही. लिहिलं की हक्क तुमचा असतो. पत्रात ‘कृपया गोपनीयता राखावी’ लिहिलेलं वाचून वाचणारा थोडा दुखावतोच.

तर या आठवड्यात एवढंच करा. अकरा गोष्टी बाजूला ठेवा. पुराची गोष्ट वर्गात नव्हे, दुसऱ्या शाळेतल्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या मुलांना कुणाकडून तरी वाचून दाखवायला सांगा आणि तुम्ही मागे बसा. मग पत्र लिहा.

आणि माझी एक शंका राहिली आहे. तुमच्या तीन वाक्यांत ‘मग पुढे सगळं ठीक होतं’ असं आहे. म्हणजे कसं? पाणी गुडघ्याच्या वर गेलं तेव्हा आजीला कुणी सांगितलं, नातीनं की दुसऱ्याच कुणी? की आजीच्या स्वतःच्या पायालाच पाणी लागलं? टपरी वाचली की पिल्लं? दोन्ही वाचली असतील तर नात खोटं बोलली त्याची किंमत कुणी मोजली? हे तुमच्या गोष्टीत असेलही, पत्रात नव्हतं म्हणून विचारते. नसेल तर पत्र थांबवा आणि आधी ते पान लिहा. पिल्लांचं काय झालं ते मला कळवा.